नेहमीसारखं खाणं

वासंतीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीधरची बायको. कोथरूडच्या शाळेत तिने तीस वर्षं गणित शिकवलं. जिन्यात कुणी "किती बारीक झालात हो!" म्हटलं, की ती म्हणे, "वजनकाटा आहे आमच्याकडे," आणि पुढे चालू लागे.

पण २००९ च्या उन्हाळ्यात ते बारीक होणं थट्टेचं राहिलं नाही. पोट सतत बिघडलेलं, रक्त कमी, लोहाच्या गोळ्या घेऊन काडीचा उपयोग नाही. दोन जिने चढली तरी कठड्याला टेकायची. डॉक्टरांना सीलिॲकची शंका आली. म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, तो आजार. त्यांनी रक्ताची चाचणी लिहून दिली आणि बजावलं, "तोपर्यंत खाणं नेहमीसारखं चालू ठेवा."

नेहमीसारखं! या एका शब्दाने घात केला. एव्हाना चातुर्मास लागला होता. दर चातुर्मासात एक पदार्थ सोडायचा आणि काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही, ही तिच्या माहेरची पद्धत. सांगितलं की पुण्य उणं होतं म्हणे. त्या वर्षी दुखण्याला उतार पडावा म्हणून तिने गहू सोडला होता. ज्वारीची भाकरी खायची, आणि श्रीधरला दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय नाही. तिच्या हिशेबी चातुर्मासात नेम पाळणं हेच नेहमीसारखं होतं.

चाचणीला ती आली दिवाळीच्या तोंडावर. गहू सोडून तीन महिने उलटले होते. रक्त काढणारी मी, उल्का. लॅबमध्ये माझी तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मी विचारलं, "उपाशी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." वास्तविक या चाचणीला उपाशी असण्याची गरजच नसते. विचारायचं असतं ते, की गहू खाताय ना? ही चाचणी गहू मोजत नाही. ग्लूटेनमुळे रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती मोजते. गहू बंद झाला की ती हळूहळू ओसरतात, आणि आजार असून कागद कोरा येतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी विचारलं नाही.

रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मीच फोन करून आनंदाने सांगितलं. वहिनीला त्या दिवसांत बरंही वाटत होतं, आणि त्याचं श्रेय तिने देवाला दिलं. मग कार्तिकी झाली, नेम सुटला आणि ती पुन्हा पोळी खाऊ लागली. महिनाभरात दुखणं दुपटीने परतलं.

आता मात्र फाइलमध्ये तो कागद होता. पुढच्या प्रत्येक डॉक्टरने फाइल उघडली, तो वाचला आणि सीलिॲकवर काट मारली. कुणी आमांश म्हटलं, कुणी वय. एकाने तर मनाला लावून घेता म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. आजारी माणसाला घरातली मऊसूत पोळी तुपाबरोबर द्यायची, ही आमची माया. मी रविवारी विश्रांतवाडीहून डब्यात पोळ्या करून न्यायची आणि समोर बसून तिला खायला लावायची. अशी सहा वर्षं गेली. दर रविवारी तिचा हात मला आधीपेक्षा हलका लागायचा.

मग न्हाणीघरात साधा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडं इतकी ठिसूळ कशी, म्हणून एका तरुण डॉक्टरणीने जुना कागद हातात घेतला, तारीख पाहिली आणि विचारलं, "तेव्हा गहू खात होतात का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "नेम होता."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

पुन्हा रक्त तपासलं. आकडे भयंकर चढलेले. दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढले. सीलिॲक तर निघालाच. पण आतड्यातल्या एका जखमेवरून काढलेल्या तुकड्यात आणखी काही होतं. वर्षानुवर्षं तसाच राहिलेला हा आजार क्वचित आतड्याच्या कर्करोगावर जातो. तिचा गेला होता. डॉक्टरणीने उपचारांची नावं सांगितली, पण मुदत सांगायचं टाळलं.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, चूक माझी आहे. रक्त काढताना मी विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "वन्सं, नेम मोडला तर मोडला, पण तुम्हाला सांगावं असं त्या दिवशी फार मनात आलं होतं. तोंड उघडलंही होतं मी."

"मग?"

"तुम्ही घड्याळ बघत होतात."