एकदाच विचारलं

सासऱ्यांना घेऊन एडिंबराला जायचं ठरलं, तेव्हा एका संध्याकाळी नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच दार लोटून घेतलं. मला वाटलं, झालं, बाबांचा व्हिसा नाकारला वाटतं. पण प्रकरण वेगळंच होतं.

"बाबांना तिथे बसून एक स्कॉच प्यायचीय," तो कुजबुजला. "मनात तेवढंच आहे त्यांच्या. किल्ला-बिल्ला सगळं आपल्या समाधानासाठी."

"मग पाज की. वडील तुझेच आहेत."

"माझ्यासमोर कशी घेतील? काहीतरीच काय! तू बघ ना. मी तेवढ्या वेळात कुठेतरी बाहेर जातो."

बाबा इचलकरंजीचे. वीज मंडळातून निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. दर शनिवारी संध्याकाळी ते मित्राच्या मळ्यावर 'हवा खायला' जातात, आणि ही हवा कसली ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. सासूबाई होत्या तेव्हा त्याच हवेबरोबर खायला खारे शेंगदाणे बांधून द्यायच्या. पण घरात हा शब्द कोणी काढायचा नाही, आणि मुलासमोर तर मुळीच नाही. मुलगाही काही कमी नाही. बाबा तीन महिन्यांसाठी फ्रँकफर्टला आले, तशा याच्या बिअरच्या बाटल्या रातोरात खाली तळघरात गेल्या. दोन जाणते पुरुष, एक सत्तरीचा आणि एक पंचेचाळिशीचा, तीन खोल्यांच्या घरात एकमेकांपासून लपत होते. मला हसू यायचं.

मळ्यावरच्या मंडळींनी बाबांना निघताना बजावलं होतं म्हणे, की लेका, बाटली आणू नकोस, बाटली इथेही मिळते. तिथे त्यांच्या देशात बसून पी, आणि कशी लागते ते आम्हाला सांग. ही बातमी त्यांच्यापैकी एकाच्या मुलाने माझ्या नवऱ्याला फोनवर दिली होती. बाबांनी स्वतः आम्हाला चकार शब्द सांगितला नव्हता, आणि सांगणारही नव्हते.

मी म्हटलं, एवढंच ना, त्यात काय मोठंसं. माझ्याशी बाबा मोकळे आहेत. दुपारी आम्ही रमी खेळतो आणि ते सरळसरळ लबाडी करतात.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी मूळची पुण्याची, त्यात सोळा वर्षं जर्मनीत. म्हणजे आग्रह या विषयात तर बघायलाच नको. सासूबाई मला कायम चिडवायच्या, "तुमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात तेसुद्धा घड्याळ बघून." पण खरं वळण लावलं ते इथल्या लोकांनी. नवीन होते तेव्हा ऑफिसातल्या एकीने घरी कॉफीला बोलावलं. तिने केक पुढे केला, मी आपली सवयीने "नको नको" म्हटलं, आणि तिने "ओके" म्हणून ताट उचलून आत नेलं! सफरचंदाचा केक होता, अजून आठवतोय. त्या दिवशी उपाशी परत आले आणि ठरवून टाकलं की आपणही असंच वागायचं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. पुढे पुढे मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. भारतातून कोणी आलं आणि "राहू दे, कशाला" सुरू झालं की मी म्हणायची, "इथे एकदाच विचारतात हं, हवं तर आत्ताच सांगा." लोक हसायचे. मला वाटायचं, माझ्या विनोदाला हसताहेत.

एडिंबरा बाबांना भलतंच आवडलं. किल्ल्याकडे जाणारा दगडी चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळपट उंच इमारती, आणि मधूनच एखादी इतकी अरुंद बोळ की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. वारा असा की माझी ओढणी दोनदा परक्या माणसांच्या तोंडावर गेली. चौकात घागरा घातलेला एक दाढीवाला बॅगपाइप वाजवत होता. बाबा त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले ते हलेचनात. "फुफ्फुसं काय असतील रे याची," म्हणाले. किल्ल्यावर त्यांनी प्रत्येक तोफेच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि पन्हाळ्याशी तुलना केली. पन्हाळा जिंकला, हे सांगायला नकोच.

खाण्यापिण्यात मात्र "नको"चा पाढा चालू होता. सकाळी चहाबरोबर स्कोन, म्हणजे तिथले गोडसर पाव, मागवले तर "मला नको, तुम्ही घ्या". मी दोनच मागवले. दुपारी पबमध्ये हॅगिस म्हणजे काय ते नवऱ्याने त्यांना समजावलं, मेंढीचं काळीज-फुफ्फुस बारीक करून, ओट्स आणि मसाला घालून शिजवतात म्हणून. बाबांचे डोळे चमकले. "म्हणजे आपली वजडीच की रे!"

"मागवू तुमच्यासाठी?" मी विचारलं.

"छे छे, माझं पोट भरलंय. सूप घेतो."

मी सूप सांगितलं. हॅगिस आलं तेव्हा नवऱ्याने काही न बोलता आपली अर्धी ताटली त्यांच्या सूपशेजारी सरकवली, आणि ती बघता बघता साफ झाली. हे मी पाहिलं. पाहूनही डोक्यात प्रकाश पडला नाही, याचं आता नवल वाटतं. तेव्हा उलट वैताग आला होता. हवं होतं तर सांगायचं ना सरळ, तोंड आहे ना!

शेवटच्या दिवशी दुपारी व्हिस्की चाखायला देतात तिथलं बुकिंग मी केलं होतं. ठरल्याप्रमाणे दारात नवऱ्याने "अरे, ऑफिसातल्या लोकांसाठी काहीतरी घ्यायचं राहिलंच की" असं नाटक केलं आणि छत्री उघडून पावसात चालता झाला. बाबांनी मान डोलावली. त्यांच्याही लक्षात आलं असणार. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाण्याने चापून बसवले होते.

आत लांबलचक लाकडी टेबल, भिंतभर बाटल्या. आमच्या समोर कोलोनचं एक जोडपं बसलं होतं, साठीच्या आसपासचं. मी जर्मन बोलते म्हटल्यावर बाई खूश झाल्या. कुठे राहता, काय करता, तुमचं जर्मन किती छान, सुरू झालं. मला हे ऐकायला आवडतं. सोळा वर्षांनीही आवडतं, काय करणार. त्यांच्याशी बोलता बोलता मी ताठ बसले होते, आणि बाबा शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते.

घागरा घातलेला एक तरुण माहितगार आला आणि त्याने प्रत्येकापुढे एक छोटा ग्लास ठेवायला सुरुवात केली. आमच्यापाशी येऊन त्याने बाबांकडे पाहिलं.

"बाबा, घेणार ना?" मी विचारलं.

"छे छे, मला कशाला. तू घे."

"नक्की?"

"हो, नको. बघतो की मी नुसता."

मी थांबले. खोटं कशाला बोलू, मला कळलं होतं. त्यांचा आवाज नको म्हणत होता आणि नजर त्या ग्लासवरच होती. आता फक्त म्हणायचं होतं, "असं कसं बाबा, इथवर आलोय, माझ्यासाठी घ्या." ते पुन्हा नको म्हणाले असते. मी ग्लास त्यांच्या हातात दिला असता. ते "बरं, तू म्हणतेस म्हणून" म्हणाले असते. एवढंच होतं सगळं. पण अख्खं टेबल आमच्याकडे बघत होतं, तो माहितगार ग्लास घेऊन ताटकळत होता, आणि एका म्हाताऱ्या माणसाशी 'घ्या हो, नको गं' करत बसणं मला त्या चारचौघांत गावंढळ वाटलं. कोलोनच्या बाई हसून म्हणाल्या, नको असेल तर कशाला जबरदस्ती.

"गेनाऊ," मी म्हणाले. अगदी बरोबर. आणि त्या तरुणाला सांगितलं की हे पीत नाहीत. त्याने बाबांना सफरचंदाचा रस आणून दिला.

मग तासभर बाबा रस पीत बसले. मी माझा ग्लास हुंगला, थेंबभर पाणी घातलं, घोट घेतला. वर त्यांना मराठीतून सांगतही होते, शहाणी मोठी! "आधी चुलीच्या धुरासारखा वास येतो बाबा, आणि गिळल्यावर मागून गूळ चाखल्यासारखं गोड लागतं." ते अगदी मन लावून ऐकत होते. "असं का? आधी धूर आणि मग गूळ?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

बाहेर आलो तर नवरा छपराखाली उभा, बूट भिजलेले, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद. बाबा पुढे चालायला लागल्यावर त्याने मला कोपराने ढोसलं. "काय मग? झालं?"

"नाही म्हणाले."

"नाही म्हणाले म्हणजे? किती वेळा विचारलंस?"

"एकदा. नक्की का, तेही विचारलं."

"एकदा?" तो रस्त्यातच थांबला. "अगं, एकदा विचारणं म्हणजे न विचारणं!"

मग मी भडकले. मोठ्या माणसाला काय मी घास भरवायचा का, तुमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही त्याला मी काय करू, तुला एवढं होतं तर स्वतः बसायचं होतंस आत, असं बरंच काही बोलले. त्याने छत्री उघडली आणि बाबांना गाठायला पुढे गेला. भांडण अर्धं टाकून तो असा निघून गेला की मला जास्त राग येतो. रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा बारकडे पाहिलं. मी मेन्यूत डोकं घालून बसले. आता विचारलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना! दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. बाबा खिडकीशी बसले, आणि ढग येईपर्यंत खाली बघत राहिले.

फ्रँकफर्टला परतल्यावरचा रविवार. सकाळी त्यांच्यासाठी आल्याचा चहा घेऊन खोलीपाशी गेले, तर आतून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला. मळ्यावरची मंडळी व्हिडिओ कॉलवर जमली होती. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज पूर्ण मोठा. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांची माझ्याकडे पाठ होती.

"मग लेका, घेतलीस का नाही?" कोणीतरी ओरडलं.

"घेतली की!" बाबा म्हणाले. "आधी चुलीच्या धुरासारखा वास येतोय बघ. आणि गिळल्यावर मागून गुळासारखी गोड."

"आँ? गुळासारखी? आपली तर कधी नाही लागली!"

"आपली कशी लागेल? ते पाणीच वेगळं."

वाटलं, मागच्या मागे निघून जावं. पण तेवढ्यात एकाने विचारलं, "पण पोरासमोर घेतलीस कशी रे?"

"पोरगा नव्हता. सूनबाई होती." बाबा जरा सावरून बसले. "मी नकोच म्हणत होतो. कशाला उगाच, म्हटलं. पण ती कुठली ऐकतीय? नाही बाबा, घ्यायलाच पाहिजे, माझ्यासाठी घ्या, म्हणून मागेच लागली. शेवटी ग्लास हातातच दिला. मग काय करणार, मोडवेना तिचं मन."

तिकडे सगळे वा वा करायला लागले. परदेशात राहून किती करते म्हणाले. आमच्या सुना बघा, असंही कोणी म्हणालं. पिण्याबद्दलची थाप मी समजू शकत होते, ती त्यांची त्यांच्यासाठी होती. ही दुसरी थाप त्यांनी माझ्यासाठी मारली होती. आपल्या घरची सून एकदा विचारून गप्प बसली, हे चार मित्रांना कळू नये म्हणून. कोणी त्यांना विचारलंही नव्हतं.

"दे, तिला दे फोन," पलीकडून आवाज आला. "आमच्यातर्फे सांगू दे दोन शब्द."

बाबांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले. दारात, चहा घेऊन. क्षणभर ते लहान मुलासारखे घाबरले. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि नजर जमिनीकडे वळवली.

पडद्यावर पाच-सहा पांढरी डोकी, मागे कुणाचा तरी गोठा. "काय सूनबाई! आमच्या दोस्ताला पाजलीस म्हणे! लई आग्रह केलास?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"हो काका," मी म्हणाले. "ऐकतच नव्हते. फार आग्रह करावा लागला."