शिंगाड्यात राखलेली जागा

तलावाच्या पाळीवर पाऊल पडले की शेठजींचा उजवा हात मागे जाई. पंजा उघडा, बोटे पसरलेली. मागून येणारा वकील असो, गवळी असो वा गवळ्याची म्हैस असो, त्याने तिथेच थांबायचे. "घाई कायले?" ते मान न वळवता म्हणत. "पाखरू समोर हाय."

म्हैस थांबत नसे, ही गोष्ट त्यांनी कधीच मान्य केली नाही.

भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान होते. दिवसभर कानांवर ठोक्यांचा मारा, म्हणून सकाळ त्यांनी तलावाला देऊन टाकली होती. मी तेव्हा कचेरीत कारकून. गळ्यात दुर्बीण, पिशवीत पक्ष्यांचे पुस्तक आणि सारा जीव नावे ओळखण्यात. शेठजी मात्र एकाच पक्ष्याकडे पाहत बसत. "तुम्ही पाखरं पायता का हजेरी घेता, बाबूजी?" असे त्यांनी मला एकदा विचारले. तुमच्यापैकी जे पक्षी पाहतात, त्यांना हा प्रश्न कुठे लागतो ते ठाऊक असेल.

पत्नी वारली तेव्हा त्यांच्या दोन्ही मुली लहान होत्या. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. मुलींच्या वेण्या घालून, डबे भरून मगच ते दुकानाचे कुलूप काढत. बाजार थट्टा करी, तेव्हा ते ठणकावून सांगत, "वेणी सैल झाली तं माह्या इज्जतीचा सवाल हाय." हे सारे मला ऐकून ठाऊक होते. ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यांत मोठे अंतर असते.

एका श्रावणात शिंगाड्याच्या वेलांवर कमळपक्ष्याचे घरटे दिसले. तरंगत्या पानांवर चार काड्या आणि काशाच्या रंगाची चकचकीत अंडी. "कोणं घासून ठेवली?" शेठजी कौतुकाने म्हणाले. लांब शेपटीचा पक्षी त्यांवर बसे. त्याला ते रोज 'माय' म्हणत.

एके सकाळी मी माहितीच्या हौसेने बोलून गेलो, "शेठजी, ती माय नव्हे. या जातीत अंड्यांवर नर बसतो, पिल्लेही तोच सांभाळतो. मादी निघून जाते."

त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"बाप हाय?"

"हो."

"एकटाच?"

हे आपण कोणाला सांगत आहोत, ते मला तेव्हा कळले. शब्द परत घ्यावेसे वाटले. ते मात्र बाजारात जुना सोबती भेटावा तसे त्या पक्ष्याकडे पाहत होते.

तलावाचा तो भाग मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या एका बाईने शिंगाड्यासाठी मक्त्याने घेतला होता. वेलांवर कीड पडली होती. पाने उलटून, पाण्यात खळबळून ती काढावी लागते. एक कोपरा सोडला तर तिथून सगळीकडे पसरते आणि वर्षाचे पीक जाते. तिचा डोंगा घरट्याकडे वळला तसा शेठजींचा हात वर गेला, या वेळी पुढे.

"थांब वो बाई! तेवढा कोपरा सोड."

"काहून जी? पाखराचं बाळंतपण अन् नुकसान माहं?"

"माय गेली निघून. बाप बसला हाय."

ती खळखळून हसली. "बाप कुठं अंड्यावर बसते का, शेठजी?"

"मी बसलोच ना," शेठजी म्हणाले.

तिचे हसू ओसरले. वल्हे पाण्यात तसेच राहिले. "मंग थितली कीड कोण काढन?"

"मी."

दुसऱ्या सकाळी धोतर खोचून शेठजी डोंग्यात चढले. डोंगा कलला; आधी टोपी पाण्यात गेली, मागोमाग शेठजी. छातीभर पाण्यात उभे राहून त्यांनी दुकानातला पितळी डबा मात्र डोक्यावर कोरडा धरला होता. "भांडे घासाले उतरले का जी?" बाई ओरडली. पण तिनेच त्यांना हात दिला. मग घरट्यापासून अंतर राखून, एकही पान न उलटता, ते एकेक किडा वेचून डब्यात टाकू लागले. पक्षी उडाला, ओरडला, आणि परत येऊन बसला. त्या दिवसांत दुकान उशिरा उघडे. गिऱ्हाईक कुरकुरले की उत्तर ठरलेले, "घाई कायले?"

पिल्ले निघाली त्या दिवशी त्यांनी प्रथमच माझी दुर्बीण मागितली. काडीसारख्या पायांची पिल्ले पानापानांवरून धावत होती आणि बाप मागे मागे. "याच्या पोरीले वेण्या नाहीत. सुखी हाय बेटा," ते म्हणाले. दुर्बीण त्यांनी बराच वेळ खाली घेतली नाही.

मी कचेरीच्या वाटेवरून घरी वळलो. माझी मुलगी शाळेला निघायच्या तयारीत होती. तिची वेणी कशी घालतात, ते मी तोवर कधी पाहिले नव्हते.

पितळी डबा त्यांनी बाईच्या डोंग्यातच राहू दिला. पुढे दर श्रावणात तो कोपरा त्यांचा असे. मग एका उन्हाळ्यात ते गेले.

त्या श्रावणात मी एकटाच पाळीवर उभा होतो. बाईचा डोंगा वेलांतून सरकत आला आणि त्या कोपऱ्याला वळसा घालून थांबला.

"घरटे आहे का?" मी विचारले.

"नाही जी. पण बाप येईन तं त्याले जागा पायजे ना."

तिने डोंग्यातून तो डबा उचलला आणि पान न उलटता किडे वेचू लागली.