घड्याळभाऊंचा होकार

परदेशी सहली नेण्यात घड्याळभाऊंची उभी हयात गेली. खरं नाव पगारपत्रकावर. वेळेचे पक्के, म्हणून बाकी सगळे त्यांना घड्याळभाऊच म्हणत. ठरलेलं ठिकाण आपल्या सहलीत कधी चुकलं नाही, ही बढाई ते दर सहलीत एकदा तरी मारत.

यंदाच्या गटात एक मावशी होत्या. त्यांचे यजमान बोटीवर इंजिन सांभाळायचे. एकदा वादळातून बोट कशीबशी ह्याच सहलीतल्या शेवटच्या शहराच्या बंदराला लागली. तेव्हा ते टेकडीवरच्या जुन्या देवळात गेले आणि उंबऱ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. "तुला एकदा तिथं नेईन," असं ते मावशींना म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता गेले. म्हणून मावशी एकट्याच निघाल्या. किल्ल्यांशी, राजवाड्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बसमध्ये डुलकी घ्यायच्या आणि जाग आली की विचारायच्या, "आलं का रे आमचं देऊळ? उंबऱ्याला डोकं टेकायचंय नुसतं."

"मावशी, देऊळ चालत येत नाही, आपल्यालाच जावं लागतं!" मागच्या सीटवरचे टवाळ काका ओरडायचे.

देवळाला जायच्या आदल्या संध्याकाळी कळलं, देऊळ डागडुजीसाठी बंद आहे. घड्याळभाऊंनी ऑफिसात फोन लावला.

"मग दुसरं दाखवा," साहेब म्हणाले. "तिथं जुन्या देवळांना काय तोटा आहे? कुणाला कळतंय? उगाच बोंबाबोंब नको."

घड्याळभाऊंना ते पटलं नाही. पण बंद दारापुढे गट नेऊन काय दाखवणार, हेही सुचेना. सकाळी बस दुसऱ्याच टेकडीवर चढली. दाराशी मावशींनी त्यांचा दंड धरला.

"हेच ना रे?"

"हेच, मावशी."

मावशी गुडघे सावरत खाली बसल्या आणि उंबऱ्याला कपाळ लावलं. उठायचं नावच घेईनात. टवाळ काकांनीसुद्धा टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी घड्याळभाऊंना जेवण गेलं नाही.

परतीच्या दिवशी विमानतळावर, सामान आत गेल्यावर, मावशींनी त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"तुझ्यामुळे झालं हो. ह्यांनी जिथं डोकं टेकलं तिथं माझंही टेकलं. आता मी सुटले."

हे ऐकून घेऊन घरी जाणं घड्याळभाऊंना जमेना.

"मावशी, ते देऊळ ते नव्हतं. तुमचं बंद होतं. दाराला कुलूप होतं."

मावशी हळूच म्हणाल्या, "दाराला कुलूप होतं. उंबऱ्याला कुठे होतं?"

घड्याळभाऊंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला आत काय करायचं होतं रे? उंबरा बाहेरच असतो ना? तुला सांगितलं होतं की मी."

खरंच सांगितलं होतं. एकदा नव्हे, रोज. मावशींच्या देवळाची टेकडी ह्याच शहरात होती. पण विमानात चढायची हाक सुरू झाली होती.

"मी आणतो तुम्हाला परत," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी. माझ्या शब्दावर."

मावशी पदर सावरत उठल्या. आधाराला घड्याळभाऊंनी हात पुढे केला, तो मावशींनी धरला नाही.

"आणशील रे. पण तेव्हा तू 'हेच' म्हणालास, की ते मी खरं कसं मानू?"

आणि पिशवी घेऊन त्या एकट्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.