विकणे आहे : एअर रायफल, गालाला बसलेली

घर रिकामं करायला घेतलं की सामान कमी होतं आणि किस्से वाढतात. कपाट विकलं तर कपाट जातं. पण बंदूक विकायला काढली तर अर्धं कोल्हापूर येतं, चहा पितं, बंदूक हातात घेऊन एक डोळा मिटतं आणि काहीतरी बोलून निघून जातं! बंदूक तिथंच. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे इतके किस्से साठले की नवरा म्हणाला, "हे पण बॅगेत भरायचेत का? विमानात वजनाला लिमिट आहे!"

दोन हजार सालानंतरची, चार-पाच वर्षांच्या आतबाहेरची गोष्ट. नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली होती. विकायला माझ्याकडे तीन गोष्टी होत्या : वडिलांची डबल बॅरल बारा बोअर बंदूक, माझं शूटिंगचं जाकीट आणि माझी मॅचची, म्हणजे स्पर्धेत वापरायची एअर रायफल. पहिल्या दोन कुणीही न्याव्यात. रायफल मात्र नेमबाजालाच द्यायची, हे मी ठरवलं होतं. बारा वर्षं रोज सकाळी तिच्या लाकडाला गाल लावला होता. ती जागा कानस मारून मारून माझ्या हाडाला बसवून घेतली होती. "तिकडं नवीन मिळेल की," नवरा म्हणायचा. मिळेल ना! पण मला हीच हवी होती. आणि सोडायचीच, तर ती कुणाच्या तरी गालाला लागायला हवी होती, भिंतीला नाही.

*

पहिल्यांदा पेपरात छोटी जाहिरात दिली. हे कुठल्या सदरात टाकायचं, यावर काउंटरवरच्या माणसानं बराच विचार केला आणि शेवटी 'गृहोपयोगी वस्तू'त टाकलं. वर मिक्सर, खाली लोखंडी कॉट, मधे आम्ही!

सकाळी सातलाच फोन.

"वैनी, साहेब हायत काय? बंदुकीचं बोलायचं हुतं."

"माझ्याशी बोला. बंदूक माझीच आहे."

"न्हाय, लायसन साहेबांच्या नावावर असंल की."

"ते पण माझंच."

मग आवाज एकदम खाली आणून त्यानं विचारलं, "मग साहेब घरात कसं ऱ्हात्यात ओ?"

*

जाकिटाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मंगळवार पेठेतलंच, आमच्या गल्लीतला एक दांडगा गडी. शूटिंगचं जाकीट म्हणजे जाड कॅनव्हास, वर चामडं आणि पुढं मोठी बटणं. घातलं की माणूस खांबासारखा ताठ. पाठ हलू नये म्हणूनच ते असतं. याला ते बुलेटवर शोभेल असं वाटलं. मी सांगत होते, पण ऐकतोय कोण?

सगळी बटणं लावून तो बुलेटवर चढला. चढला म्हणजे आम्ही चौघांनी चढवला. आता हात हँडलपर्यंत जाईनात आणि कमरेत वाकता येईना. गल्ली गोळा झाली. एका आजींनी त्याला कुठं लागलंय म्हणून विचारलं.

"ताई, ह्यात बसता येत न्हाय!"

"बसायचं नसतंच. उभं राहायचं असतं."

"आन् बारा वर्षं तुमी हे घालून उभ्या हुत्या?" तो खरोखर हळहळला. "घरात कुणी काय बोललं हुतं काय?"

*

आमची रेंज म्हणजे पूर्वीची गुळाची वखार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सात-आठ जणांनी ती भाड्यानं घेतली. वर पत्रे होते, आत दहा मीटरवर कागदी निशाणं लावलेली, आणि गुळाचा वास काही केल्या जात नव्हता. मला तो अजून येतो. इथं, बर्फात सुद्धा. मध्येच कधीतरी येतो आणि मग दिवसभर काम सुचत नाही.

वासाबरोबर मुंगळेही राहिले होते. आमच्यातले डॉक्टर कांबळे राजारामपुरीत दातांचे डॉक्टर. हात इतका स्थिर की पेशंट सुई टोचलेली विसरायचे. एकदा नेम धरून डॉक्टर नुसतेच उभे. एक मिनिट झालं, दोन झाली.

"काय झालं ओ?" आबा ओरडले. आबा म्हणजे रेंजचे वॉचमन, मिस्त्री आणि पंच, तिन्ही तेच.

"आबा, कागदावर दोन काळे ठिपके दिसतायत. कुठला मारू?"

"जो चालत न्हाय, त्यो मारा की!"

*

याच डॉक्टरांनी माझी रायफल एकदा वाचवली. स्कूटरवरून पडून तिच्या लाकडाला चीर गेली होती. मी रडकुंडीला येऊन क्लिनिकवर गेले. डॉक्टरांनी रायफल सरळ पेशंटच्या खुर्चीत आडवी केली, वरचा दिवा लावला आणि दातात भरायचं सिमेंट चिरेत भरायला घेतलं.

बाहेर गाल सुजलेले एक गृहस्थ तासभर बसून होते. वैतागून त्यांनी पडदा बाजूला केला. खुर्चीत बंदूक, तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर आणि बंदुकीचा दस्ता धरून डोळे पुसणारी मी!

त्यांनी पडदा हळूच पुन्हा लावला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी हाक मारली, तर बाकडं रिकामं. कंपाउंडर म्हणाला, "गेले ते. दात दुखायचा थांबला म्हणाले."

*

बारा बोअरचं वेगळंच झालं. निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे लायसनच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. त्यातच दसरा आला. निकाल लागल्यावर मी बंदूक सोडवायला गेले, तर नळीत झेंडूचं फूल, चापावर हळदीकुंकू आणि दस्त्यावर गुलाल! खंडेनवमीला ठाण्यातल्या हत्यारांबरोबर जमा झालेल्या बंदुकांचीही पूजा झाली होती.

"अहो, नळीत फूल कशाला घातलं?"

हवालदारमामांना माझा राग कळलाच नाही. "ताई, बाकीच्यांच्या बंदुकांना सगळ्यांत मिळून एक नारळ फोडला. तुमच्या बंदुकीला वेगळा."

"का?"

"माहेरची हाय म्हणालता नव्हं जमा करताना? मोकळी कशी पाठवायची?"

नारळाचं अर्धं भकल घेऊन घरी आले. बंदूक ठेवायच्या पत्र्याच्या पेटीपाशी बसून नळीतलं कुंकू काढताना वडिलांची फार आठवण आली.

*

ती बंदूक घ्यायला सर्जेराव आले. गारगोटीकडचे शेतकरी, शेताच्या राखणीसाठी त्यांना लायसन मिळालेलं. त्यांनी नळी डोळ्याला लावली नाही, चाप बघितला नाही. मांडी घालून बसले आणि विचारलं, "आवाज कसा हाय?"

"आवाज?"

"व्हय. डुक्कर मारायचं न्हाय मला. आमच्या मातोश्रींनी शप्पत घातलीया. नुसतं हुसकायचं हाय."

मी हसायला लागले. आमच्या वडिलांनीही जन्मात एक डुक्कर मारलं नव्हतं. माळ्यावर बसून आकाशात बार काढायचे आणि झोपायचे. डुकरं आमच्या उसातून निघून चुलत्यांच्या उसात जायची. चुलते भांडायला आले की वडील म्हणायचे, "मी तर वर मारली. खाली काय झालं मला काय ठावं?"

हे सगळं मी सर्जेरावांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मग हीच द्या. सवयीची हाय."

*

जाकीटही गेलं. राहिली रायफल. तिला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. एक हॉटेलवाले गाडी घेऊन आले. फॅमिली रूममध्ये काचेच्या पेटीत ठेवायची, खालून लाल लाईट सोडायचा, असा त्यांचा बेत होता.

"पण चालवणार कोण?" मी विचारलं.

"चालवायला कशाला पायजे? आठवड्याला फडक्यानं पुसली की झालं."

चहा झाल्यावर मी त्यांना सांगितलं, रायफल आधीच विकली गेली. नवरा आतून बघत होता. गाडी वळल्यावर म्हणाला, "तुला ती विकायचीच नाहीये." खरं होतं ते. रोज सकाळी मला वाटायचं, आजही कुणी येऊ नये.

आणि मग शोभा आली. गारगोटीजवळच्या शाळेत खेळाची शिक्षिका. चार वर्षं दर रविवारी एसटीनं रेंजवर यायची आणि क्लबची सगळ्यांनी वापरून खिळखिळी झालेली रायफल चालवायची. तिनं माझ्या रायफलीला गाल लावला. काढला. पुन्हा लावला.

"बसत न्हाय ओ ताई. तुमचं हाड वेगळं हाय."

मला एकदम बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? "मग लाकूड कापून घ्यावं लागेल," मी म्हटलं.

"छे! लाकडाला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "गालच बसवून घेते की. लागंल एक वरीस."

किमतीचं तिच्याबरोबर आलेल्या भावानं आणि माझ्या नवऱ्यानं एका चहात मिटवलं. आम्हा दोघींचं तिकडं लक्षच नव्हतं.

*

आता शेवटचा किस्सा. आमच्या रेंजवर एक रिवाज होता. रायफल विकली की तिच्यातून शेवटची गोळी जुन्या मालकानं मारायची. त्या कागदावर आबांनी गुण लिहून सही करायची आणि कागद नव्या मालकाच्या हातात द्यायचा. तोपर्यंत रायफल जुन्याचीच.

मी तीन रविवार काढले. एकदा डोळा आला म्हणून, एकदा पाहुणे आले म्हणून. तिसऱ्यांदा म्हणाले, "आज वारा फार आहे." चारी बाजूंनी बंद वखार!

"पंखा बंद करू?" डॉक्टर म्हणाले. सगळे हसले, शोभा हसली नाही. ती तिसऱ्यांदा हात हलवत परत गेली.

चौथ्या रविवारी मात्र इलाज नव्हता. मंगळवारी विमान होतं. सगळे जमले. मी उभी राहिले, रायफल उचलली, गाल लावला. मला ती द्यायची नव्हती, दुसरं काही मनात नव्हतं. श्वास सोडला आणि चाप ओढला.

खट्.

गोळी सुटली की आवाज वेगळा होतो आणि मागच्या पत्र्यावर टण् वाजतं. ते काही वाजलं नाही. गोळ्यांची डबी माझ्यासमोर बंदच होती. मी गाल काढला नाही.

आबांनी दोरी ओढून कागद जवळ आणला. हे आबा म्हणजे गोळी रेषेला शिवली की नाही, यावरून स्वतःच्या जावयाशी वर्षभर न बोललेला माणूस! त्यांनी कागद ट्यूबलाईटसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. खिशातलं भिंग काढून मधल्या ठिपक्यावर ठेवलं आणि सावकाश पाहिलं.

आबांनी लाल पेन काढलं. कागदावर मोठा 'दहा' लिहिला, खाली सही केली आणि कागद शोभाच्या हातात दिला.

शोभानं कागद डोळ्यांसमोर धरला. "आबा, भोक कुठाय ओ?"

"मला दिसलंय," आबा म्हणाले. "तुमी रायफल उचला बाई. गारगोटीची गाडी चुकंल."