प्लांट स्ट्रीटची नवरी

बाल्कनीतल्या सब्ज्याला पाणी घातलं की त्याचा वास दरवळतो आणि मला दुबईतलं आमचं पहिलं तुळशीचं लग्न आठवतं. आई पुण्याहून आली होती, लग्न संध्याकाळी, आणि घरात तुळसच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "इथल्या सतवा भागात प्लांट स्ट्रीटला जा. इंग्रज मडमांनी ठेवलेलं नाव आहे ते." नकाशात ते नाव कुठेच नव्हतं, पाकिस्तानी टॅक्सीवाल्याला मात्र लगेच कळलं. "पहले पूरी गली में पौधे ही थे, बाजी," तो म्हणाला. उतरलो तर रंगाचे डबे, सोफ्याचं कापड, पिंजऱ्यातले पोपट. "नाव ठेवून झाडं निघून गेली वाटतं," आई म्हणाली. शेवटी रोपांचं एक दुकान सापडलं, पण आपली माणसं सकाळीच येऊन गेलेली. "तुलसी खलास," म्हणत दुकानदाराने अरब लोक ज्याला रेहान म्हणतात त्या रोपाची कुंडी पुढे केली. आईने पान चुरडून हुंगलं. "अगं, हा तर आपला सब्जा, तुळशीची बहीण!" मी म्हटलं, "म्हणजे कृष्णाचं मेहुणीशी लग्न लावायचं?" "त्याला कुठे नवीन आहे?" म्हणत आईने कुंडी उचलली, आणि संध्याकाळी मंगलाष्टकं दणक्यात झाली. आता आम्ही शारजात राहतो. तुळस मिळते, तरी दरवर्षी लग्नात तिच्या शेजारी सब्जा लागतोच, आणि माझी मुलगी बाल्कनीलाच प्लांट स्ट्रीट म्हणते. आई पुण्याहून फोनवर विचारते, "काय गं, आपली प्लांट स्ट्रीट हिरवी आहे ना?" मी "हो हो" म्हणते आणि फोन कानाला लावूनच पाणी घालायला धावते.