तांत ओझितच्या हाताचा गुण

तांत ओझितचे आमच्या बायूच्या, म्हणजे संथ नदीच्या, काठी कुणी कधी आभार मानले नाहीत, आणि त्यात उर्मटपणा नव्हता. साऱ्या गावाची ती मावशी, म्हणून तांत. मंत्र पुटपुटून ती दुखणं उतरवायची: चामखीळ, ठणकती दाढ, ऊन लागलेलं पोर. नियम असा, की तिला पैसा द्यायचा नाही आणि ‘मेर्सी’, म्हणजे आभारी आहे, असं म्हणायचं नाही. म्हटलं, की दुखणं आल्या पावली परत. त्यामुळे लोक बरे होऊन मुकाट उठत, आणि सकाळी तिच्या पायरीवर कुणीतरी भेंडी नाहीतर खेकड्यांची टोपली ‘विसरून’ जाई. अख्खं गाव विसरभोळं.

दुसरा नियम तिच्यावर होता. दुखणं उतरवणाऱ्यानं वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की हाताचा गुण गेला. म्हणून ती जन्मात पुलापलीकडे गेली नव्हती. बहिणीच्या लग्नात म्हणे अलीकडच्या काठावर बसून टाळ्या वाजवल्या.

मग पाऊस लागला, तो थांबेचना. आमची बायू नावाला नदी, स्वभावानं म्हैस. पण म्हैसही एकदा उठली की उठली. रस्ता गेला, कुंपणं गेली. आम्ही वाळूची पोती रचली, कोंबड्या छपरावर चढवल्या, चर्चच्या उंच हॉलात मोठी लोखंडी कढई ठेवली. ज्याच्याकडे होडी तो घरोघरी फिरून माणसं आणू लागला. सगळे आले. ओझित आली नाही.

तिचा शेजारी ओनेझीम, खेकडे धरणारा, मला घेऊन निघाला. वाटेत लाल मुंग्या लागल्या. पुरात त्या एकमेकींना धरून गोळा होऊन तरंगतात. ओनेझीमनं तो गोळा हातानं ढकलला, आणि हात पार चावून निघाला.

ओझित स्वयंपाकघरात टेबलावर खुर्ची ठेवून बसलेली, मांडीवर कोंबडी. पाणी टेबलाच्या निम्म्या पायापर्यंत.

“चल तांत, अंधार पडेपर्यंत टेबलच तरंगेल,” ओनेझीम म्हणाला.

“तरंगू दे. गुण घालवून तिथं येऊन काय करू? तुझ्या बायकोच्या हातचा भात खाऊ?”

भाताचा मुद्दा खरा असल्यानं ओनेझीमनं तो सोडून दिला. मग त्यानं विचारलं, सकाळी कॉफी करायला चुलीपाशी कशी गेलीस? पाण्यातूनच ना? ती म्हणाली, घरातलं पाणी साचलेलं, ते धरत नाहीत. ओनेझीमनं ओट्यावरचं कांद्याचं साल उचलून पाण्यात टाकलं. साल मागल्या दारातून येणाऱ्या धारेला लागलं, टेबलाला वळसा घालून पुढल्या दारानं निघून गेलं.

ओझित त्या सालाकडे बघत राहिली.

“म्हणजे गेलाच की रे,” ती म्हणाली.

ओनेझीमचं सगळं शहाणपण उतरलं. तो पाण्यातून टेबलापाशी गेला आणि चावलेला उजवा हात पुढे केला. “गेला का राहिला, बघ की.”

तिनं हात धरला, पुटपुटली, अंगठ्यानं क्रूस काढला. आम्ही थांबलो.

“उतरलं,” ओनेझीम म्हणाला. “ठणका पार गेला.” मग ओठांवर आलेलं ‘मेर्सी’ त्यानं गिळलं. ते गिळणं बघून ती कोंबडीसकट होडीत बसली.

हॉलात मुंग्या चावलेल्यांची रांग लागली. तांत बाकावर बसून एकेक हात धरत होती. लोक मुकाट उठत आणि बाकाखाली भाताच्या थाळ्या विसरत. ओनेझीम मात्र उजवा हात खिशात घालून डाव्या हातानं वाढत होता. निम्मा भात जमिनीवर.

“ओनेझीम, खिशात काय आहे?”

“काही नाही, तांत.”

“ते काही नाही इकडं आण.”

हात पावासारखा फुगलेला. बाहेर काढताना खिसा उसवला. कढईतला डावही थांबला. तांत हाताकडे बघत राहिली, मग त्याच्या तोंडाकडे.

“खोटं बोलणाऱ्याचं दोनदा उतरवावं लागतं,” ती म्हणाली. “नियम आहे.”

असा नियम आम्ही कुणी ऐकला नव्हता. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी सूज ओसरली. मुंगीची सूज ओसरतेच, असं कुणी म्हणालं नाही. तिच्या बाकाखाली खेकड्यांची टोपली विसरलेली होती. एवढ्या पुरात त्यानं खेकडे कुठून धरले, कोण जाणे.