चोमोत आणि चुलीतली राख

मोक सोमच्या घरात मुताचा वास येतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं. बोलणार कोण? मलेशियातल्या तेरेंगानूच्या त्या किनाऱ्यावरचं अर्धं गाव तिच्या हातचे गरमागरम लेकोर खाऊन वाढलेलं. मासा वाटायचा, साबुदाण्याच्या पिठात मळायचा, लांब वळकट्या करून मोठ्या कढईत उकळायच्या, जन्मभर तिने हेच केलं. नाव कलसोम, पण सगळे मोक सोम म्हणायचे. मोक म्हणजे आई. बाई ठेंगणी, गोलमटोल, आणि जिभेला धार अशी की गिऱ्हाईकाने चुकून "मासा ताजा आहे ना?" विचारलं, तर म्हणायची, "छे रे, गेल्या ईदचा आहे. तुझ्यासाठीच जपून ठेवलाय."

अशा बाईच्या घराला वास कसला येतो म्हणाल, तर तो चोमोतचा. चोमोत हे तिचं मांजर.

नवरा वारला त्या वर्षीची गोष्ट. एकुलती एक लेक रोहाया क्वालालंपूरला, नवऱ्यासोबत, रोस्दीसोबत, नोकरीत आणि संसारात गुंतलेली. मोक सोम बाजारात मासे आणायला गेली होती आणि परतताना नाबच्या टपरीपाशी थांबली. ही नाब दुपारपासून नारळाच्या सोडणांवर केळीच्या पानातले मासे भाजून विकते. तिच्या टपरीमागून एक पिल्लू आलं. पांढरं, नाकावर काळा डाग, शेपूट टोकाला मोडलेलं. ते मोक सोमच्या पायात घुटमळत थेट मोटरसायकलपर्यंत आलं.

"घेऊन जा गं काक," नाब म्हणाली. ती मोक सोमला ताई म्हणूनच हाक मारते. "याची आई परवा ट्रकखाली गेली. हेही जाईल."

"मला माझंच होत नाही, याचं कोण करणार?" असं म्हणत तिने त्याला पुढच्या टोपलीत ठेवलं. तोंड माखल्यासारखं दिसायचं म्हणून नाव पडलं चोमोत, मळक्या तोंडाचा.

गुणाचं मांजर होतं हो. माशांच्या पाट्या समोर पडलेल्या असायच्या, पण दिल्याशिवाय तोंड लावायचं नाही. ती नमाजाला उभी राहिली की चटईच्या बाजूला पाय पोटाशी घेऊन बसायचं. नवरा गेल्यापासून तिची झोप उडाली होती, ती या मांजराने आणून दिली. ते पायाशी येऊन पडलं की तिला डोळा लागायचा.

फक्त ही एक खोड.

सुरुवात स्वयंपाकघराच्या दारामागच्या, राखेच्या डबड्याच्या कोपऱ्यापासून झाली. मोक सोमने तिच्या आईने शिकवलं होतं तेच केलं. चुलीतली मूठभर राख ओलीवर टाकली, शोषू दिली, झाडून बाजूला लोटली आणि वरून पाणी ओतलं. खांबांवरचं लाकडी घर, फळ्यांच्या फटींतून पाणी खाली गेलं. धर्माच्या हिशेबाने जागा पाक झाली. तिथे नमाज पढायलाही हरकत नाही. लेकोर उकळायला रोज लाकडं जळायची, त्यामुळे राखेला तोटा नव्हता.

पण मग शेजारचा कोपरा ओला झाला. तिथे राख. मग तांदळाच्या कणगीची मागची बाजू. तिथे राख. चोमोत पुढे आणि मोक सोम राखेचं डबडं घेऊन मागे, अशी त्या घराची परेड सुरू झाली. शेवटी ती इतकी कावली की जिथे तो वास घेताना दिसेल तिथे आधीच राख टाकून ठेवायला लागली. म्हणे, खबरदारी घेतलेली बरी.

उपाय सांगणाऱ्यांचा तर सुळसुळाट झाला. कुणी म्हणालं लिंबाच्या साली ठेव, कुणी म्हणालं व्हिनेगर शिंपड. सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खच्ची केलं, लघवी तपासली आणि सांगितलं की यात दोष काही नाही. दुकानातून सुवासिक वाळूचा ट्रे आणला. चोमोतने वाळू हुंगली, दोनदा शिंकला आणि ट्रेला वळसा घालून कणगीमागे गेला. मोक सोमने हात टेकले.

तशात रोहायाचा फोन आला. दिवस गेलेत. मोक सोम फोन कानाला लावूनच खाली बसली. मागे एकदा दिवस राहिले होते, पण मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं त्या घरात कुणी बाळाचा विषय काढला नव्हता.

"बाळंतपणाला तुझ्याकडेच येणार मोक," रोहाया म्हणाली. "दवाखान्यातून सुटले की थेट."

मग काय विचारता? मोक सोमने पोटावर शेकायचा दगड घासून काढला. म्हाताऱ्या सुईणीला आगाऊ सांगून ठेवलं. परसातल्या सावरीच्या झाडाची बोंडं उतरवली, एकेक बी निवडून कापूस काढला आणि लेकीसाठी नवी गादी भरली. तिचे डोळे आता कामाचे राहिले नव्हते, तरी शिलाई तिने स्वतःच्या हाताने घातली. रोहायाच्या खोलीत गादी अंथरली, ढेकूण-मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राखेची रेघ ओढली, आणि दुसऱ्या दिवशी गादीच्या कडेला ओला डाग. तिने मुकाट्याने डागावर आणि खबरदारी म्हणून अर्ध्या गादीवर राख टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी डाग गादीच्या मधोमध.

नेमका त्याच दिवशी रोहायाने चेहरा बघायला म्हणून व्हिडिओ फोन लावला.

"मोक, मागे कठड्यावर गादी का घातलीय?"

"ऊन दाखवतेय."

"आणि मधे राख कसली?"

मोक सोमने फोन जरा वळवला.

"मांजराने मुतलंय ना? खरं सांग."

"एकदा गं."

"आठवड्यातून एकदा की दिवसातून?"

मोक सोमने कठड्यावरची गादी पालटली.

"मी टाके घेऊन येणार मोक, हातात तान्हं मूल. त्या वासात झोपू? रोस्दीची आई कुआंतानला खोली तयार करून बसलीय. तिच्याकडे मांजर नाही."

"तिच्या हाताला शेकायची सवय आहे का? ती दगड भाजेल की तुझं पोट?"

"मी भांडत नाहीये गं." रोहाया म्हणाली. "या खेपेला मला कशाचीच भीती नकोय. मांजर राहणार की मी येणार, ते तू ठरव."

फोन ठेवल्यावर मोक सोम जिन्याच्या पायरीवर बसली. लेकीचा राग आला नाही. लेकीचं बरोबरच होतं, आणि म्हणून तर जास्त लागलं. मांडीवर नातवंड घ्यायची इतकी वर्षं वाट पाहिली, ते आता कुआंतानच्या विहीणबाईंच्या मांडीवर जाणार, तेही एका मांजरापायी. चोमोत येऊन तिच्या ओढणीच्या टोकाशी खेळायला लागला. तिने त्याला बाजूला सारलं नाही.

तिकडे ज्यांना मांजर नको असतं ते त्याला मासळीबाजारात नेऊन सोडतात. पोत्यात घालायचं, म्हणजे वाट दिसत नाही, आणि बाजारात निदान उपाशी मरत नाही. अशा लोकांना मोक सोमने आजवर ठेवणीतल्या शिव्या घातल्या होत्या. आता दुपारची नमाज उरकून तिने स्वतःच पोतं उघडलं. धरावं लागलंच नाही. पोत्याला मासळीचा वास होता, चोमोत आपण होऊन आत शिरला. तिने पोत्याचं तोंड बांधायला घेतलं, पण गाठ बसेना.

"माझ्या घरी खाल्लंस-प्यालंस ते गोड मानून घे बाबा," ती पोत्याशी बोलली. "आणि मला माफ कर."

नाबच्या टपरीवरची भट्टी नुकती पेटली होती.

"काय काक, आज तू मला मासा विकायला आलीस?"

"तुझा माल परत करायला आलेय," मोक सोम म्हणाली, आणि थट्टा करता करताच तिचं तोंड वाकडं झालं. नाबला काय ते कळलं. तिने हातातला पंखा खाली ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

पोतं सोडलं. चोमोत बाहेर आला, बाकाखाली दबून बसला. बराच वेळ आपल्या बाईकडे बघत राहिला. मोक सोम निघायला म्हणून मोटरसायकलपर्यंत गेली आणि परत आली. मग तो उठला आणि मान खाली घालून हुंगत हुंगत टपरीमागे गेला. तिथे नाब रोज भट्टीतली राख ओतते, तिचा चांगला गुडघाभर ढीग आहे. चोमोतने राखेत पंजाने खड्डा केला. त्यावर बेताने बसला, डोळे मिटले, काम उरकलं. मग वळून दोन्ही पंजांनी राख ओढून खड्डा असा बुजवला की जणू माणसाने हात फिरवून सपाट केला.

"जन्मापासून यांची हीच जागा," नाब म्हणाली. "सगळी पिल्लं इथेच शिकली. आई मानगूट धरून आणून बसवायची. राखेबाहेर एक थेंब सांडायचा नाही, अशी शिस्त."

मोक सोमने राखेचा ढीग पाहिला, मग मांजराला पाहिलं. डोळ्यांसमोरून सगळं घर फिरलं. दारामागचा कोपरा, कणगीची मागची बाजू, गादीभोवतीची रेघ, गादीवरचा डाग. राख, राख आणि राख. ती तिथेच माशांच्या पालथ्या खोक्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मग कळेना की बाई हसतेय की रडतेय.

"अगं झालं काय?"

"मी त्याला घरभर संडास बांधून दिले, नाब. रोज एक नवा. लेकीच्या गादीवरसुद्धा. तो बिचारा नेमाने वापरत होता, आणि मी त्यालाच पोत्यात घालून आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच."

"मग आता?"

"आता तुझ्याकडची पाटीभर राख दे. त्याच्या ओळखीची."

परत जाताना पोतं वापरलं नाही. चोमोत पुढच्या टोपलीत बसला, कान मागे पाडून वाऱ्याला तोंड देत, घरापर्यंतची वाट नीट बघत. मोक सोम वाटेत दोनदा थांबली, फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला.

घरी आल्यावर तिने बाह्या वर सारल्या. फळ्या वाळूने घासल्या, साबणाच्या कढत पाण्याने धुतल्या, पुन्हा घासल्या. धर्माला पाक होती ती जागा आता मांजराच्या नाकालाही पाक करायची होती, आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड निघालं. गादी उसवून सगळा कापूस फेकला आणि परसातली उरलीसुरली बोंडं फोडून पुन्हा भरली. चुलीतली राख थेट केळींच्या बुंध्याशी जायला लागली. एका तडा गेलेल्या घमेल्यात नाबकडची राख भरून ते मागच्या जिन्याखाली ठेवलं. संध्याकाळी चोमोत जिना उतरला, घमेल्यात चढला, काम उरकून पुन्हा वर आला. इतक्या महिन्यांचा ताप, आणि उत्तर होतं एक फुटकं घमेलं.

"शपथ घे," राखेची सगळी हकिकत ऐकून रोहाया फोनवर म्हणाली.

"शपथ कसली? ये आणि नाकाने बघ."

"एक थेंब दिसला, तर ते मांजर बाजारात आणि मी कुआंतानला."

"कबूल," मोक सोम म्हणाली, पण रात्री तिला झोप आली नाही.

रोहाया आली. नात झाली होती, कापसाच्या बोंडासारखी मऊ. सुईण येऊन चोळून जायची, मोक सोम दगड तापवून पानात गुंडाळून लेकीचं पोट शेकायची. रोहाया डोळे मिटून म्हणायची, "हे सासूबाईंना जमलं नसतं गं." चोमोत खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा, आत यायचा नाही. रोहाया त्याच्याकडे पोलिसाने बघावं तशी बघायची. त्याचं नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. म्हणायची, "ते मांजर."

आणि एका सकाळी खोलीतून हाक आली. "मोक. इकडे ये."

हातातलं काम टाकून मोक सोम धावली. रोहाया गादीवर उठून बसली होती, चेहरा पांढराफटक. बाजूला गादीवर ओला डाग, चांगला हातभर पसरलेला. उंबऱ्याच्या आत, खोलीत, चोमोत बसलेला. मोक सोमच्या डोळ्यांपुढे ते पोतं आलं, त्याची न बसणारी गाठ आली. ती वाकली आणि डागाला हात लावला. कोमट होता. तिने डागाशेजारचं गाठोडं उचललं. दुपटं पायाकडून सुटलेलं, आणि मानेपासून टाचेपर्यंत चिंब.

"ही बघ तुझी चोर," ती म्हणाली.

रोहायाने मुलीकडे बघितलं, डागाकडे बघितलं, आणि टाक्यांवर हात दाबून हसायला लागली. "हसवू नकोस गं, दुखतंय," असं म्हणत हसत राहिली. मोक सोमने नात तिच्या मांडीवर दिली आणि चुलीकडे धावली. आईने शिकवलेलं हाताच्या हाडात बसलेलं असतं. मूठभर राख घेऊन ती परत आली, गादीवर वाकली, आणि रोहायाने तिचं मनगट धरलं.

"राख नको, मोक. चोमोतला वाटेल, ही जागा त्याची."

मोक सोमने उघडू लागलेली मूठ मिटली. मग "हं" एवढंच म्हणून ती मागच्या जिन्याने खाली गेली आणि मूठ घमेल्यात सोडली. चोमोत तिच्या मागोमाग आला होता. राख हातानेच सारखी करून ती बाजूला सरली आणि त्याला म्हणाली, "जा, बस."